पावडरी फ्लोरल आणि एक म्हैस

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ७

बँकेने दिलेली डायरी आजपासून सुरू. मागच्या वर्षीची उषाने लोणच्याच्या बरणीखाली ठेवली होती, ती तेल पिऊन फुगली.

नव्या वर्षाचे संकल्प:

पहाटे पाचला उठणे. (आज सातला उठलो. पण पहिला दिवस सुट्टीत धरतात.)
म्हशीची धार स्वतः काढणे.
पर्सनॅलिटी डेव्हलप करणे. नोकरीत राहून गेले.
उषाला आपण होऊन फोन न करणे.

शेवटच्या संकल्पाबद्दल खुलासा. उषा डिसेंबरात भुकूमला गेली, गौतमीच्या बाळंतपणाला. खरे तर लेक माहेरी यायची, पण थोरल्याची शाळा बुडेल म्हणून आईच लेकीकडे गेली. सव्वा महिन्यासाठी. निघताना रिक्षा दारात उभी करून अर्धा तास सूचना चालल्या होत्या. भाकरीचे पीठ कुठे, रॉकेलचा डबा कुठे, म्हशीला काय, कसे, केव्हा. शेवटी मी शांतपणे सांगितले की तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. ती म्हणाली, "बरं." आणि रिक्षात बसली.

तो 'बरं' मला आवडला नाही.

आमच्या चांदे गावाहून भुकूम स्कूटरवर अर्ध्या तासावर आहे. पण मुद्दा अंतराचा नाही, तत्त्वाचा आहे. बारशाला गेलो होतो तेव्हा तिने विचारले, म्हैस कशी आहे. माझे विचारले नाही. मीही सांगितले नाही.

२ जानेवारी, गुरुवार

पाचचा गजर वाजला. मी तो ऐकला. म्हणजे निम्मा संकल्प पाळला.

आजवर धार सगुणाबाई काढत होती. सगुणाबाई म्हणजे शेजारची, माझ्या चुलतभावाची बायको. काल रतनने तिला लाथ मारली. रतन म्हणजे आमची म्हैस. चार होत्या, जमीन विकली तशा तीन गेल्या, ही उषाने विकू दिली नाही. सगुणाबाई बादली आपटून म्हणाली की तुमची म्हैस तुमच्यासारखीच हाय, आता तुमीच बघा.

बघितले. तासभर बसलो. कपभर दूध. रतन पान्हा चोरते. उषाच्या हाताला सवकलेली आहे.

उषाच्या सूचनांत एक अशी होती: धारेला बसताना माझे जुने पातळ अंगावर घ्या, गोठ्यात खुंटीला टांगलेय. आमच्याकडे बायको गावाला गेली की भले भले पाटील पातळ गुंडाळून म्हशीखाली बसतात, कोणी हसत नाही. पण मी कंपनीत टाइमकीपर होतो. टाइमकीपर पातळ नेसत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

पाऊण कप. चहा काळा प्यालो. काळा चहा तब्येतीला चांगला.

पातळ खुंटीवरून काढून पाहिले. फक्त पाहिले. मळके, कडेला शेण, आणि कसलासा जुना वास. स्वच्छतेच्या बाबतीत उषा ढिली आहे, हे मी तिला पूर्वीही सांगितले आहे. उषा जाताना म्हणाली होती की त्याला हात लावू नका, की धुवू नका, असे काहीतरी. नीट ऐकले नव्हते. मशीनमध्ये टाकले. गरम पाणी, डबल साबण, वर ते निळे कंडिशनर. आता कसे, दवाखान्यातल्या चादरीसारखे झाले आहे.

आरशापुढची पावडर ती घेऊन गेली, असे आज दाढी करताना लक्षात आले. पंधरा-वीस रुपयांची वस्तू मागे ठेवायला काय जाते?

४ जानेवारी, शनिवार

पातळ नेसलो. पदर डोक्यावरून घेतला. हा तात्पुरता निर्णय असून त्याचा गवगवा करायचा नाही.

रतनने मान वळवून मला हुंगले. बराच वेळ हुंगले. मग लाथ.

एवढ्यात वरच्या गॅलरीतून ऋतिकाचा आवाज आला, काकू, आलात का? ऋतिका वरच्या खोलीत भाड्याने राहते, सातारची, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करते. मी पदर पुढे ओढून मान हलवली. दुसरे काय करणार?

संध्याकाळी ती खाली आली, काकूंना भेटायला. मी सांगितले की काकू परत गेल्या. इतक्यात? म्हणाली. मी म्हटले, त्यांना घाई होती.

५ जानेवारी, रविवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

ऋतिकाला सेंटचा शौक आहे. छोट्या छोट्या काचेच्या नळ्या मागवते, हुंगते आणि मोबाईलवर त्यांच्याबद्दल बोलते. लोक ऐकतात म्हणे. आज अंगणात बसली होती. म्हणाली, काका, तुमचं मत द्या, वेगळ्या पिढीचं मत हवंय. योग्य माणसाला विचारले. माझे नाक पहिल्यापासून तीक्ष्ण. कंपनीत कोण उशिरा येताना कुठून येतोय हे मी वासावर सांगत असे.

पहिला सेंट भिजलेल्या पोत्याचा. किंमत ऐकून परत दिला. दुसरा लिंबू. तिसऱ्याची कागदपट्टी नाकाशी नेली आणि काय झाले कोण जाणे, बोलताच येईना. काय झालं काका, तिने विचारले. मी म्हटले, धूळ. चांद्यात बांधकामे फार.

तिने समजावून सांगितले. या प्रकाराला पावडरी फ्लोरल म्हणतात. वर व्हायोलेट नावाचे फूल, मध्ये आयरिस नावाच्या झाडाचे मूळ, तळाला कस्तुरीसारखे काहीतरी. प्रत्येक सेंटला स्वभाव असतो म्हणे, कॅरेक्टर. याचे कॅरेक्टर तिने सांगितले ते जसेच्या तसे उतरवून ठेवतो:

"हा आवाज करत नाही काका. सुरुवातीला तर कळतच नाही की आहे. जो जवळ असेल त्यालाच कळतो. मऊ वाटतो, पण भयंकर हट्टी. आणि माणूस खोलीतून निघून गेला, तरी हा मागे राहतो."

मी थक्क झालो. हे तर माझे वर्णन. शांत, वरून न कळणारा, आतून ठाम. इतकी वर्षे कोणी ओळखले नाही आणि एका बाटलीने ओळखले. ऋतिकाला तसे म्हटले. ती म्हणाली, हो का? आणि नळी मनगटावर लावून दिली.

संध्याकाळी धारेला बसलो. पातळबितळ काही नाही, साधी बंडी. रतनने हुंगले, डोळे मिटले आणि पान्हा सोडला. बादली भरत आली.

निष्कर्ष: म्हशीलाही पर्सनॅलिटी कळते.

७ जानेवारी, मंगळवार

ऋतिकाकडून मोठी बाटली मागवली. किंमत इथे लिहीत नाही. डायरी कोणाच्याही हाती पडू शकते.

ऋतिका म्हणाली, काका, हा तसा लेडीज आहे. मी म्हटले, पर्सनॅलिटीत लेडीज-जेंट्स नसते. हे वाक्य तिने तिच्या मोबाईलवर घेतले. विचार पोहोचताहेत.

९ जानेवारी, गुरुवार

बाटली आली. आकाराने खोकल्याच्या औषधाएवढी, पण झाकण वजनदार.

लावायची पद्धत: मनगट, कानामागे, गळ्याशी. घासायचे नाही. सकाळी धारेआधी आणि संध्याकाळी धारेआधी.

डेअरीवर दूध घालायला गेलो. डेअरीवर भैरू असतो, माझ्याबरोबर शाळेत होता, माझ्याआधी शाळा सोडली. त्याने दूध मापता मापता नाक वर केले. मग माझ्या मागे पाहिले. मग स्कूटरमागे पाहिले. विचारले, वैनी कवा आल्या? मी म्हटले, नाही आली. त्याने पुन्हा स्कूटरमागे पाहिले.

उच्च अभिरुची खेड्यात पटकन ध्यानात येत नाही.

११ जानेवारी, शनिवार

प्रयोग म्हणून उशीवर एक फवारा मारला. महिन्यात पहिल्यांदा सलग झोप लागली. ऋतिकाला सांगायला हवे, झोपेवरही गुणकारी.

सकाळी चहा दोन कप झाला. हाताची सवय. दोन्ही मीच प्यालो, वाया कशाला घालवा.

१२ जानेवारी, रविवार

लवासाला जाऊन आलो. एकट्याने. स्वतंत्र माणसाने रविवारी फिरावे. उषा किती वर्षे म्हणत होती, एकदा दाखवा, सगळी दुनिया बघून आली. आता दाखवायला कोणी नसल्याने खर्चही निम्मा.

तळ्याकाठी बाकावर बसलो. निम्म्या इमारती रिकाम्या, खिडक्यांना काचा नाहीत. शेजारी जागा होती म्हणून तिथे पिशवी ठेवली. मक्याचे कणीस घेतले. विकणारी म्हणाली, दोन देऊ? मी म्हटले, एकच. ती म्हणाली, मला वाटलं बाई पान्याकडं गेल्यात, वास येतोय. वाऱ्यावर सेंट पसरतो, हे मी तिला समजावून सांगितले नाही.

धारेच्या वेळेआधी परत. फार लवकर परतलो, खरे तर.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

भुकूमला जाणार होतो. स्कूटर पंक्चर. (पंक्चर परवापासून आहे. काढून घेणार होतो. पण ती आज पंक्चर आहे हे खरेच.)

गौतमीचा फोन. तिळगूळ घ्या, गोड बोला. मग म्हणाली, अप्पा, माझी रजा मार्चमध्ये संपते. बाळाला पाळणाघरात ठेवायचा जीव होत नाही. आईला वर्षभर इथेच ठेवून घेऊ का? तुमचं तर नीट चाललंय ना? आई म्हणाली, तुम्हीच सांगितलंत काही अडत नाही.

मी म्हटले, अजिबात नाही. दणक्यात चाललेय.

मागून बाळ रडल्याचा आवाज आला आणि उषाचा, त्याला उगी करण्याचा. मी म्हटले, जरा आईला... आणि मग म्हटले, काही नाही, आईला तिळगूळ सांग. फोन ठेवला. उरलेले लाडू खाल्ले. गूळ जास्त झाला असावा, छातीवर आल्यासारखे वाटते.

वर्षभर.

१६ जानेवारी, गुरुवार

विचार केला. उषाने परत यावे असे मला वाटते, असे नाही. पण तिला वाटले पाहिजे. त्यासाठी योजना:

फोन न करणे चालू ठेवणे. मौनाची ताकद फार असते.
आपले उत्तम चालले आहे, असे तिच्या कानावर परस्पर जाऊ देणे.

दुसऱ्या कलमासाठी सगुणाबाई योग्य. चांद्यात काही पसरवायचे असेल तर तिला फक्त चहाला बोलवावे लागते. बोलवले. इस्त्रीचा सदरा घातला, सेंट नेहमीपेक्षा जरा सढळ. ती आली, उंबऱ्यातच थबकली. मग चहा न घेता स्वयंपाकघरात डोकावली, माजघरात डोकावली, मोरीचे दार उघडून पाहिले. मी विचारले, काय शोधताय? ती म्हणाली, मांजर.

आमच्याकडे मांजर नाही. तिच्याकडेही नाही.

जाताना वर, ऋतिकाच्या खोलीकडे, बराच वेळ पाहत होती. म्हणाली, भावजी, वय काय, चाललंय काय. मी म्हटले, साठी म्हणजे काही वय नाही, आत्ता कुठे सुरुवात केलीय.

योजनेने पकड घेतली आहे असे दिसते.

१९ जानेवारी, रविवार

बाटली निम्मी. ऋतिकाने पाहिले आणि डोळ्यांवर हात घेतला. म्हणाली, काका, लोक ही दोन वर्षे पुरवतात. कुठे कुठे लावता? सांगितले: दोन्ही वेळा धारेआधी, उशीवर, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. खुर्चीवर का? म्हणाली. ओट्याजवळची खुर्ची, उषा भाजी निवडायला बसते ती. रिकामी असते. तिथून वास आला की स्वयंपाक बरा होतो.

ऋतिकाने बाटलीला झाकण लावले. मग म्हणाली, काका, काकूंना एक फोन करा ना. मी तत्त्व समजावून सांगितले. तिला ते कळले नाही, ही पिढी सारखी फोनवर असते.

२३ जानेवारी, गुरुवार

विजय!

गौतमीचा फोन. आई अचानक उद्या येते म्हणाली, सव्वा महिना पुरा व्हायच्या आत, कोणाचे ऐकेना, काय झालंय अप्पा? मी म्हटले, काही नाही, आठवण आली असेल. मौनाची ताकद.

घर झाडले. रतनलाही धुतले. सेंट लावून इस्त्रीचा सदरा टांगून ठेवला आहे, म्हणजे उद्या घातला की आपोआप वास येईल.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी

उषा आली. काही गोष्टी योजनेबाहेर घडल्या.

चपला न काढता आत आली. पिशवी खाली ठेवली नाही. उंबऱ्यात उभी राहून हुंगले, मग माजघर, मग स्वयंपाकघर. खुर्चीशी वाकून हुंगले. माझ्याकडे आली आणि गळ्याशी नाक आणून हुंगले. लग्नाला इतकी वर्षे झाली, एवढ्या जवळ ती अशी भरदिवसा आलेली नाही. मला जरा बरेही वाटले.

मग म्हणाली, "कोण बाई येती हितं? सगुणाचा फोन होता."

आता आले लक्षात. योजनेचे कलम दोन जरा भलतीकडे गेले होते.

त्याच वेळी ऋतिका जिन्यावरून आली, काकूंना नमस्कार करायला. उषाने तिलाही हुंगले. ऋतिकाने आज पोत्याचा सेंट लावला होता, त्यामुळे ती सुटली.

मी बाटली आणली. समजावून सांगितले: व्हायोलेट, आयरिस, पावडरी फ्लोरल, माझे कॅरेक्टर, म्हशीचा अनुभव. उषा सगळे ऐकत होती. मग तिने मनगटावर एक फवारा मारला, नाकाशी नेला आणि खुर्चीवर बसली. मनगट पुन्हा हुंगले. माझ्याकडे पाहिले.

"आवं," ती म्हणाली, "ह्यो तर माझाच वास हाय."

मी म्हटले, शक्य नाही, हा परदेशी आहे.

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग उठली, कपाट उघडले. लुगड्यांच्या घडीत तिने बकुळीच्या सुकलेल्या माळा ठेवलेल्या असतात, परसातल्या झाडाच्या, दर वर्षी ओवते. एक माळ काढली. पिशवीतून पावडरीचा डबा काढला, तोच, आरशापुढचा. दोन्ही माझ्यापुढे धरले. ऋतिकाने हुंगले आणि म्हणाली, बाप रे, सेम आहे.

मी तीनदा हुंगले. डायरीत खोटे लिहीत नाही म्हणून लिहितो: फरक एवढाच की बाटलीचे झाकण जड आहे.

ऋतिका म्हणाली, काका, मी त्या दिवशी सांगितलेलं कॅरेक्टर आठवतंय? जवळ असेल त्यालाच कळतो, वगैरे. मी म्हटले, आठवते. आणि गोठ्यात गेलो, रतनला पेंड घालायची होती.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी धारेला उषा बसली. मालकीण परत आली, आता रतन काय करते ते बघायला मी दारात उभा राहिलो.

रतनने हुंगले आणि लाथ मारली.

उषाला विश्वास बसेना. पुन्हा बसली. रतन, अगं मी हाय, म्हणत तिच्या कासेवरून हात फिरवला. रतन सरकून उभी राहिली. उषाच्या अंगाला महिनाभराचा बाळाचा वास: शेपा, वेखंड, तेल, दुधाच्या गुळण्या. म्हशीने ओळखलेच नाही. उषा तशीच उकिडवी बसून राहिली. रेडकू असल्यापासून तिने वाढवलेली म्हैस.

मग पातळ कुठाय, तिने विचारले. मी सांगितले, धुतले, डबल साबणाने. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, तो वास यायला दोन वर्सं लागली होती.

मग मी सेंट लावून बसलो. रतनने डोळे मिटले. बादली भरली. उषा दारात उभी राहून पाहत होती. मला अभिमान वाटला, पण तो धार संपेपर्यंतही टिकला नाही.

ती म्हणाली, "म्हंजी तुमचं खरंच काय अडत न्हाई. वासावर भागतंय."

हेच तर मी सिद्ध करायला निघालो होतो. महिनाभर राबलो त्यासाठी. संध्याकाळी तिने पिशवी भरली. उद्या गौतमी आणि जावई येणार आहेत, सव्वा महिना झाला म्हणून बाळाला देवाच्या पायांवर घालायला. जाताना उषाला घेऊन जाणार. वर्षभर.

अर्धी भाकरी खाल्ली. भाकरी चांगली झाली होती. ती स्वतः केलेली नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

आज काय झाले ते क्रमाने लिहितो, कारण नंतर मी वेगळे सांगण्याची शक्यता आहे.

बाळ आले. देवाच्या पायांवर घातले. रतनलाही दाखवले. जेवणे झाली. गौतमी आईचे कपडे घेऊ लागली, गरम स्वेटर घे, वर्षाचे घे. मी म्हटले, म्हशीला हवापालट सोसत नाही. कोणी ऐकले नाही. मी म्हटले, तसे रतन आता माझ्या हाताला आलीय, पण सेंट संपत आला आहे, पुढे म्हशीचे काय, एवढाच प्रश्न आहे. गौतमी म्हणाली, अप्पा, विकून टाका ना म्हैस.

उषाने तिला गप्प केले आणि मला विचारले, मी जाऊ ना? मी म्हटले, रतन काय करील सांगता येत नाही.

चार वाजता गाडी काढली, उषा आणि गौतमी आत बसल्या. पिशवी मी उचलली. जावयाने डिकी उघडून हात पुढे केला. मला पिशवी देता येईना. तो ओढतोय आणि मी धरून उभा. तो म्हणतोय, सोडा अप्पा. सगुणाबाई कुंपणावरून बघतेय. मी म्हटले, रतनचे असे आहे की...

उषा गाडीतून खाली उतरली. म्हणाली, "म्हशीचं न्हाई इचारलं मी. तुमचं इचारलंय."

महिनाभराचे तत्त्व होते. घराण्यात कोणी शब्द मागे घेतलेला नाही.

मी म्हणालो, "नको जाऊस. अडतंय."

हळू म्हणालो, पण सगुणाबाईला ऐकू गेले. म्हणजे चांद्यात आता सगळ्यांना माहीत आहे.

उषा पुढे झाली. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि घरात नेऊन ठेवली. गौतमी गाडीत रडायला लागली, आई, मग माझं काय? मला फार वाईट वाटले. माझे अडत होते तसे तिचेही अडते, हे डोक्यातच आले नव्हते. शेवटी असे ठरले की मार्चपासून आठवड्यातले निम्मे दिवस उषा भुकूमला, सोडायला-आणायला मी. पंक्चर उद्या काढतो.

निघताना गौतमी म्हणाली, अप्पा, ती बाटली द्या. मी म्हटले, बाळाला लावू नको बरं. ती म्हणाली, बाळाला नाही. मला. आई नसेल त्या दिवसांना.

दिली. झाकणासकट.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

गजर वाजला नाही. पहाटे पाचला उषाने उठवले.

ठरले असे: रतन उषाला ओळखेपर्यंत, आणि ती भुकूमला असेल त्या दिवसांत कायमच, धार माझ्याकडे. सेंट गेला. उषाने डब्यातली पावडर माझ्या गळ्याला लावली, कानामागे लावली. आरशात पाहिले तर गणपतीतला उंदीर. मग ते धुतलेले पातळ तिने रात्रभर उशाशी घेतले होते, ते माझ्या अंगावर टाकले. बोलायची सोय राहिलेली नाही.

वरून ऋतिकाने हाक मारली, गुड मॉर्निंग काकू. मी पदर मागे घेतला आणि म्हणालो, काका.

रतनने दूध दिले.

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट तूर्त बंद.

चहा दोन कप केला. दुसरा उषाने घेतला. साखर कमी आहे म्हणाली.